सील शाबूत होतं

नत्थूजी गजभिये यांना कुणीही "कसं काय?" विचारलं तरी उत्तर ठरलेलं असतं, "थकलो जी." हे काही एकाहत्तराव्या वर्षी सुचलेलं नव्हे. पन्नाशीतही ते हेच म्हणत. बायको कांताबाईंचं खरं मानायचं तर लग्नाच्या दिवशी पंचशील घेऊन खाली बसतानासुद्धा त्यांच्या तोंडून हेच निघालं होतं.

माणूस तसा नाकासमोर चालणारा. वडील रेल्वेत लागले म्हणून गोंदियाकडचं गाव सुटलं आणि कुटुंब रायपूरला आलं. नत्थूजी शिकले, कोर्टात कारकून झाले आणि सरकत सरकत मालखान्यात जाऊन पडले. मालखाना म्हणजे खटल्यांतल्या वस्तूंची कोठी. बढतीच्या आशेनं तिथे कुणी जात नाही. चाकू, कुऱ्हाडी, फुटके मोबाइल, रक्तानं कडक झालेले कपडे, सगळं पांढऱ्या कापडात शिवून ठेवलेलं. वर खटल्याचा नंबर आणि लाखेचं लाल सील. साक्षीच्या दिवशी गाठोडं न्यायाधीशांपुढे न्यायचं, सील दाखवायचं, फोडायचं, साक्षीदाराला वस्तू ओळखू द्यायची, मग परत शिवून, मेणबत्तीवर लाख वितळवून त्यावर पितळी शिक्का दाबायचा. सव्वीस वर्षं त्यांनी हेच केलं. चटके बसून बसून उजव्या अंगठ्याच्या रेषाच पुसल्या गेल्या. रेशनच्या दुकानातलं मशीन त्यांना ओळखायला तयार नसतं. दर महिन्याला कांताबाई बरोबर जातात आणि दुकानदाराला सांगतात की माणूस खरा आहे, मी ओळखते याला.

नव्या कारकुनांना ते एकच नियम शिकवत: एका वेळी एकच गाठोडं. पहिल्याचं सील थंड होईपर्यंत दुसऱ्याला हात लावायचा नाही, मग साहेब ओरडो की छत पडो. हे सांगताना त्यांचा आवाज जरा चढायचा. पोरं मागे हसायची, की म्हातारा गाठोड्यांना पोटच्या लेकरासारखं जपतो.

यंदा मार्चमध्ये, ऊन नुकतं चटकायला लागलं होतं तेव्हा, लताबाई साळवे त्यांच्या बूढापाऱ्यातल्या घरी आल्या. लताबाई मूळच्या नागपूरच्या, मराठी ख्रिस्ती, नर्स म्हणून निवृत्त झालेल्या. त्यांचा एकुलता एक मुलगा पियुष रायपूरच्या पंडरी बाजारात कपड्याच्या दुकानात कामाला होता. सोळा वर्षांपूर्वी तो दुसऱ्यांचं भांडण सोडवायला मध्ये पडला आणि सुरी त्यालाच लागली. बावीस वर्षांचा होता. खटला तीन वर्षं चालला. प्रत्येक तारखेला लताबाई ड्यूटी बदलून यायच्या आणि मालखान्याबाहेरच्या बाकावर बसायच्या, कारण सावली तेवढी तिथेच होती. नत्थूजी त्यांना पाणी द्यायचे. ओळख तिथली. पुढे कांताबाईंशी त्यांची गट्टी जमली, आणि नाताळचा केक इकडे, बुद्धपौर्णिमेची खीर तिकडे, असा दोन घरांचा रिवाज पडून गेला.

या वेळी त्या एक काम घेऊन आल्या होत्या. इटलीतल्या ट्युरिन शहरात एक फार जुनं कापड आहे. साडेचौदा फूट लांब, आणि त्यावर क्रुसावर मारलेल्या एका माणसाचा पुढून आणि मागून पुसट ठसा. येशूला क्रुसावरून उतरवल्यावर याच कापडात गुंडाळलं होतं, असं कोट्यवधी लोक मानतात. त्याचा पूर्ण आकाराचा छापील फोटो ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत लताबाईंच्या चर्चच्या हॉलमध्ये लावला होता. कापड राहिलं इटलीत, भांडण मात्र रायपूरला येऊन पोचलं. चर्चच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर उचलली जीभ लावली टाळ्याला असं चाललं होतं. तरुण म्हणत, १९८८ साली तीन प्रयोगशाळांनी तपासलं आणि कापड तेराव्या-चौदाव्या शतकातलं निघालं, विषय संपला. वडीलधारे म्हणत, तपासायला कापलेला कोपरा मागाहून रफू केलेला होता. ते कापड जवसाच्या धाग्याचं आहे, आणि ज्यांनी जन्मात जवसाची चटणी सोडून जवसाचं काही पाहिलं नव्हतं तेही आता त्याच्या विणीवर मत देत होते.

शेवटी तिथल्या तरुण फादरनी तोडगा काढला की उघड चर्चाच ठेवू. एका बाजूनं ते स्वतः बोलतील. दुसऱ्या बाजूनं भार्गव सर, म्हणजे कॉलेजातून निवृत्त झालेले रसायनशास्त्राचे प्राध्यापक, ज्यांना देवाचं नाव काढलं की चेव येतो. आणि एखादी वस्तू कुणाची आहे हे कोर्टात कसं सिद्ध करतात, ते सांगायला तिसरा माणूस हवा होता. लताबाईंनी नत्थूजींचं नाव सुचवलं होतं.

नत्थूजींनी हात जोडले. मी बुद्धाचा माणूस, मले यातलं काय समजते, म्हणाले. नात पायल मोबाइलमधून डोकं न काढता म्हणाली की ये तो फेक है दादाजी, रील देखी है मैंने. कांताबाईंनी तिला विचारलं की रीलवाला ते कापड हाताळून आला होता का. लताबाई हसल्या. मग त्यांनी खरं काम सांगितलं.

"पियुषचं गाठोडं मी संगं आनीन, गजभियेजी. टेबलावर ठेवीन. तुमी फक्त एवढं सांगा का सील शाबूत असलं का आतली वस्तू तीच राह्यते. बाकी त्या इटलीच्या कापडाचं ज्याचं त्यानं ठरवावं."

नत्थूजींनी पाहू म्हटलं आणि चहा निवेपर्यंत कपाकडे बघत राहिले.

पियुषचं गाठोडं म्हणजे त्याच्या अंगावरचा शर्ट. निकाल लागल्यावर लताबाईंनी अर्ज केला होता की मुलाचा शर्ट मला द्यावा. कोर्टानं दिला. नत्थूजींनी सही घेऊन तो त्यांच्या हातात ठेवला. लताबाईंनी तो कधीच उघडला नाही. रक्त बघण्यात सारी नोकरी गेली पण हे नाही बघवत, असं त्या म्हणायच्या. घरातल्या शोकेसमध्ये, येशूच्या तसबिरीखाली, ते पांढरं गाठोडं लाल सिलांसकट तसंच ठेवलेलं असे. दर रविवारी त्यापुढे ताजं फूल. रात्रपाळीत कितीतरी माणसं मरताना पाहिलेली ही बाई त्या गाठोड्याशी दिवसभरातलं सगळं बोलायची, हे कांताबाईंनी स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

आणि त्या गाठोड्यात पियुषचा शर्ट नव्हता. हे जगात एका माणसाला माहीत होतं, आणि तो माणूस चहा निववत बसला होता.

झालं होतं ते असं. खटला चालू असताना, एका मे महिन्यात, दोन कोर्टांतून एकदमच मालखान्याला बोलावणं आलं. एकीकडे पियुषचा खटला, दुसरीकडे रेल्वेच्या पटरीजवळ मरून पडलेल्या एका अनोळखी माणसाचा. दोन्हीकडे शर्ट दाखवायचे होते. त्या साली पंडरीत निळ्या चौकडीचा माल इतका उतरला होता की शहरातला दर दुसरा पोट्टा त्याच कापडात दिसे, आणि या दोघांच्याही अंगावर तेच होतं. शर्ट दाखवून झाले आणि नत्थूजींच्या टेबलावर एकदम परत आले. लाईट गेलेली, शिपाई रजेवर, आणि सही झाल्याशिवाय दोन्ही साहेब उठणार नव्हते. नत्थूजींनी दोन्ही शर्ट दोन कापडांत शिवले आणि दोन्हींवर सील मारलं. सील फार सुबक उठलं होतं. त्या अदलाबदलीनं खटल्यांचं काही बिघडलं नाही, कारण शर्ट तपासून, दाखवून, लिहून झालेले होते. पियुषच्या मारेकऱ्याला जन्मठेप झाली आणि दुसऱ्या खटल्यातला आरोपी सुटला.

चूक उघडी पडली ती लताबाईंना गाठोडं देऊन दोन वर्षं झाल्यावर. निकाली खटल्यांचा बिनकामाचा माल जाळायचा होता. त्रेचाळीस वस्तू, कोर्टामागची मोकळी जागा, दोन पंच आणि एक अधिकारी. जाळण्याआधी एकेक गाठोडं उघडून यादीशी ताडून बघायचं. अनोळखी माणसाच्या गाठोड्यातून निळ्या चौकडीचा शर्ट निघाला, आणि त्याच्या आतल्या अंगाला, छातीपाशी, हिरव्या दोऱ्यानं हाताशिलाईनं लावलेला एक खिसा. पियुषचे दोन मोबाइल चोरीला गेले होते म्हणून लताबाईंनी तो खिसा आतून शिवून दिला होता. साक्षीत त्यांनी तो सांगितला होता आणि शर्ट उलटा करून कोर्टाला दाखवला होता तो खुद्द नत्थूजींनी.

यादीत लिहिलं होतं, शर्ट एक, निळी चौकडी. अधिकाऱ्यानं विचारलं, बरोबर आहे का. नत्थूजी म्हणाले, बरोबर.

नोकरीची दोन वर्षं उरली होती, चौकशी लागली असती, पेन्शन अडकली असती, हे सगळं खरंच होतं. पण त्या क्षणाचं कारण याहून क्षुल्लक होतं आणि म्हणूनच जास्त लाजिरवाणं. ती अठ्ठाविसावी वस्तू होती. दुपारचे दोन वाजले होते, पाय सुजले होते आणि अजून पंधरा गाठोडी राहिली होती. खरं बोलले असते तर सगळं तिथेच थांबलं असतं, जबाब झाले असते, पत्रं लिहावी लागली असती. ते थकले होते. त्यांनी शर्ट आगीत टाकला आणि एकोणतिसावं गाठोडं उचललं.

त्यानंतर जवळजवळ एक तप गेलं. दर नाताळला ते लताबाईंच्या घरी जात, शोकेसमध्ये आपलंच अक्षर आणि आपलंच सील बघत, आणि केक पाण्याबरोबर गिळत. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. मूठ झाकून ठेवणाऱ्याचा हात किती दुखतो, ते कुणी सांगत नाही.

चर्चेच्या दोन दिवस आधी भार्गव सर त्यांना तो फोटो दाखवायला घेऊन गेले. आपल्या बाजूचा साक्षीदार तयार करून ठेवावा, एवढाच त्यांचा हेतू. हॉलच्या भिंतीभर ते लांबलचक चित्र लावलेलं होतं. नत्थूजींना त्यातला देव दिसला नाही, आणि लबाडीही दिसली नाही. त्यांना दिसला तो मुद्देमाल. घड्या कुठे पडल्या, कुठे जळलं, कुठे पाणी लागलं, कुठे ठिगळ जोडलं, हे ते बघत गेले. पहिल्या तेराशे वर्षांत हे कुणाकडे होतं याची धड नोंद नाही, हे ऐकल्यावर त्यांनी सांगून टाकलं की असं गाठोडं आम्ही मालखान्याच्या दारातसुद्धा ठेवून घेतलं नसतं. सर खूश झाले.

पण सर माणूस प्रामाणिक. विरुद्ध बाजू काय म्हणते तेही त्यांनी सांगितलं. १९८८ साली तपासणीचे तुकडे कापले ते सगळ्यांदेखत, कॅमेऱ्यासमोर. पण ते तुकडे धातूच्या छोट्या नळ्यांत भरून बंद केले ते शेजारच्या खोलीत, दोघांनीच, आणि तिथे कॅमेरा नव्हता. श्रद्धावाले तेवढंच धरून बसलेत, सर हसत म्हणाले. एवढी मोठी, जबाबदार माणसं, थोडा वेळ आत गेली, तर काय कापड बदलून आली? कुणाचा हेतू काय असणार?

नत्थूजी तिथल्या बाकावर बसले. "सर," ते म्हणाले, "हेतू लागत नाही. घाई पुरते."

सरांना हे वाक्य फार आवडलं. चर्चेत हे नक्की बोला, म्हणाले. नत्थूजींनी त्यांना समजावायचा कंटाळा केला.

दुसऱ्या दिवशी ते लताबाईंकडे गेले, चर्चेआधी सांगून टाकायचं असं ठरवून. लताबाई टेबलावर अंथरायला पांढरं कापड इस्त्री करत होत्या, गाठोडं ठेवायला. त्यांनी नत्थूजींना बसवलं, मठ्ठा दिला आणि सांगितलं की पियुषचं नाव आजवर मेलेल्यांच्या यादीत वाचलं जायचं, उद्या पहिल्यांदा ते कशाच्या तरी पुराव्यासाठी घेतलं जाईल. नत्थूजी मठ्ठा पिऊन परत आले.

रविवारी दुपारी चार वाजता हॉलमध्ये शंभरेक माणसं जमली. पंखे फिरत होते, वारा मात्र कुणालाच लागत नव्हता. फादर शांतपणे बोलले. त्यांनी सांगितलं की कापड खरं आहे असा निर्वाळा चर्चनं स्वतःही दिलेला नाही. त्याच्याकडे बघून त्या माणसाच्या वेदना आठवाव्यात, एवढंच. मागच्या रांगेतले काही वृद्ध यावर नाराज झाले. त्यांना पुढारी हवा होता आणि फादर निघाले सज्जन. मग भार्गव सर उठले आणि कार्बनचं गणित फळ्यावर मांडलं. तरुणांनी टाळ्या वाजवल्या. रफू केलेल्या कोपऱ्याचा प्रश्न तिघांनी तीन वेळा विचारला आणि सरांनी तीन वेळा तेच उत्तर दिलं. मग नत्थूजींची पाळी आली. सुई, दोरा, लाख, शिक्का, नोंदवही, असं पाच मिनिटं ते हिंदीत बोलले. लोक कान देऊन ऐकत होते, कारण एवढ्या वेळात पहिल्यांदाच कुणीतरी स्वतःच्या हातानं केलेल्या कामाचं बोलत होतं.

लताबाई उठल्या. त्यांनी गाठोडं दोन्ही हातांत धरून आणलं आणि त्या इस्त्रीच्या कापडावर ठेवलं. हॉलमध्ये पियुषला ओळखणारे पुष्कळ होते.

भार्गव सरांनी गाठोड्याजवळ वाकून विचारलं, "गजभियेजी, ये सील आपकी है?"

"हव."

"टूटी तो नहीं?"

"नहीं."

"तो अंदर कपड़ा वही है?"

एक 'हव' म्हटलं की सुटका होती. लताबाई पहिल्या रांगेत बसून त्यांच्याकडे बघत होत्या, बाकावर बसून तारखेची वाट बघायच्या तशाच. नत्थूजींनी टेबलाची कड धरली.

"सील का बता सकता हूं," ते म्हणाले. "अंदर का नहीं बता सकता."

झालं, दोन्ही बाजूंना हवं ते मिळालं. भार्गव सर म्हणाले, हेच विज्ञान, न पाहिलेल्याची ग्वाही द्यायची नाही. फादर म्हणाले, हीच नम्रता. दोघांनीही नत्थूजींचे हात हातात घेतले, टाळ्या झाल्या आणि लोक समोशांकडे वळले. लताबाईंनी टाळ्या वाजवल्या नाहीत. गाठोडं उचलून त्या मागच्या अंगणात गेल्या आणि जाताना नत्थूजींना मान हलवून मागे बोलावलं.

अंगणात नळाजवळ एक सिमेंटचा ओटा होता. लताबाई त्यावर बसल्या, गाठोडं मांडीवर. नत्थूजी उभेच राहिले.

"आतलं काहून नाही सांगतलं?"

त्यांनी सांगितलं. पंचनामा सांगतात तसं क्रमानं सांगितलं: कोणता महिना, कोणती दोन कोर्टं, एक टेबल, दोन शर्ट, लाईट गेलेली. मग ती आग. एकही सबब त्यांनी जोडली नाही; थकलो होतो हेसुद्धा सांगितलं नाही, कारण ते सांगायची लाज वाटली. लताबाई रोग्याची हकीकत ऐकावी तसं मध्ये न बोलता ऐकत होत्या. आतून लोकांच्या हसण्याचा आवाज येत होता.

"खिसा होता?" त्यांनी विचारलं.

"होता. हिरव्या दोऱ्याचा."

"तुमी पाह्यला."

"पाह्यला."

"आन टाकला."

"टाकला."

लताबाईंनी गाठोडं पुढे केलं आणि खोला म्हणाल्या. हजारो गाठोडी फोडलेल्या त्या हातांना हे गाठोडं लवकर फुटेना. लाखेचे तुकडे ओट्यावर पडले, शिवण उसवली, आणि निळी चौकडी बाहेर आली. रक्ताचा डाग काळा पडून कापडात मुरला होता. लताबाईंनी त्याकडे पाहिलं आणि नजर हटवली नाही. त्यांनी शर्ट उलटा केला, छातीच्या आतल्या बाजूनं बोटं फिरवली, परत फिरवली, मग खिसा चुकून पलीकडे शिवला असेल तसं उजव्या बाजूलाही चाचपून पाहिलं. खिसा नव्हता. शर्ट अंगानं लहान होता, कॉलर झिजलेली होती, आणि एका मनगटाशी बटणाऐवजी सेफ्टीपिन लावलेली होती.

"हा कोन?"

"अनोळखी. वीस-पंचवीस वर्षांचा होता म्हनत."

"याची माय?"

"कोनी आलं नाई. एका बी तारखेले कोनी आलं नाई."

लताबाईंनी ती सेफ्टीपिन उघडली. गंजून ती कापडालाच चिकटली होती, म्हणून हळूहळू सोडवावी लागली. "तेरा वर्षं मी माह्या पोराले हाका मारून राहिली होती," त्या म्हणाल्या, "आन आयकत हा होता."

मग त्या रडल्या. तोंडाला पदर न लावता, उघड्या चेहऱ्यानं, जोरात. समोसा हातात घेऊन कुणीतरी दारापर्यंत आलं आणि परत गेलं. नत्थूजींनी माफी मागितली.

"ते मले नका मागू," लताबाई म्हणाल्या. "मले आता काहीच नका मागू."

त्यांनी शर्टाची घडी घातली आणि तो त्याच पांढऱ्या कापडात गुंडाळला. नत्थूजी सवयीनं गाठ मारायला पुढे झाले, तर त्यांनी त्यांचा हात बाजूला सारला. गाठ स्वतःच मारली. मग ते गाठोडं छातीशी धरून त्या फाटकाकडे गेल्या, आणि तिथून एकदाच वळून म्हणाल्या की हे मी घेऊन जाते, याले दुसरं कोनी नाही.

पियुषचा स्मृतिदिन एप्रिलात असतो. चर्चमध्ये प्रार्थना आणि नंतर लताबाईंच्या घरी जेवण. गजभिये नवराबायको दरवर्षी जात. या वर्षी फोन आला तो कांताबाईंना एकटीला. त्यांना वाटलं, बोलताना राहून गेलं असेल. लताबाईंनी त्यांना अवाक्षर सांगितलं नव्हतं, आणि हे आपल्यावर उपकार आहेत की आपलं नावही तिला काढायचं नाही, हे नत्थूजींना ठरवता येत नव्हतं. पाय दुखतात, तू जाऊन ये, असं त्यांनी बायकोला सांगितलं.

संध्याकाळी कांताबाई परत आल्या आणि चप्पल काढता काढताच बोलायला लागल्या. आज फादरनी पियुषबरोबर आणखी एक प्रार्थना म्हटली, एका अनोळखी मुलाच्या नावानं. कोण, कुठला, कुणी विचारलं तर लता फक्त माझाच आहे म्हणते. शोकेसमधलं गाठोडं गेलं. तिथे आता धुऊन इस्त्री केलेला एक शर्ट ठेवलाय. डाग काही पूर्ण गेलेला नाही, पण मनगटाला नवं बटण लावलंय. पियुषसाठी शेजारी जागा मोकळी ठेवलीय, तिथे नुसतं फूल. वेडीच झाली बिचारी, पण जेवायला मात्र छान केलं होतं.

नत्थूजींनी विचारलं, "आन माह्यं नाव घेतलं का कोनी?"

"प्रार्थनेत?" कांताबाई थांबल्या. त्यांना हा प्रश्नच कळला नाही. "तुमचं काहून घेतील? ते मेलेल्यायसाठी असते. तुमाले तं अजून जगायचं आहे."

एवढं बोलून त्या साडी बदलायला आत गेल्या.